पाहुण्याचं पाणी

देवसिंग राठोडला कोणी विचारलं, तुम्ही काय करता, तर तो सांगायचा, "पानी मोजतो." विचारणाऱ्याला हसू यायचं. दूध मोजणारे असतात, रॉकेल मोजणारे असायचे, पाणी कोण मोजतं? पण देवसिंग खरंच मोजायचा. वर्षातून चार वेळा, नऊ विहिरींचं, आणि असं की बोटभराचीही चूक कोणाला सापडायची नाही.

वणी तालुक्यातल्या मोहदरी तांड्याचा हा माणूस. तांडा म्हणजे सव्वीस घरं, सेवालाल महाराजांचं देऊळ आणि देवळासमोरची विहीर. त्याचा बाप हिरासिंग दिग्रसकडून लोकांच्या विहिरी खोदत खोदत इकडे आला, ही शेवटची खोदली आणि इथंच राहिला. आपण काढलेलं पाणी टाकून कुठं जायचं, असं तो म्हणायचा. देवसिंगनं सतराव्या वर्षी याच विहिरीत पहिला टिकाव मारला. तेव्हा खोली मीटरमध्ये नव्हे, परसात सांगायचे. एक परस म्हणजे हात वर करून उभा असलेला माणूस. हिरासिंग विहिरीत डोकावून म्हणायचा, "दोन मानसं खाली गेलं की पानी." त्या काळी दोन माणसं पुरत.

मग कोसभर अंतरावर कोळशाची उघडी खाण आली. खाणीच्या कंपनीला आजूबाजूच्या नऊ विहिरींचं पाणी मोजणं आणि तपासणं भाग होतं. ते काम नागपूरच्या एका प्रयोगशाळेकडे गेलं आणि प्रयोगशाळेला एक स्थानिक माणूस हवा होता, उन्हातान्हात फिरणारा आणि चार अक्षरं लिहिता येणारा. विहिरींतला सगळ्यांत जाणता माणूस कोण, असं विचारल्यावर नऊही गावांनी एकच नाव घेतलं. त्याला सात वर्षं झाली.

काम साधं होतं. जानेवारी, मे, ऑगस्ट, नोव्हेंबर. पोलादी पट्टीच्या टोकाला वजन, पट्टीच्या खालच्या हातभर भागाला खडू घासायचा, कठड्यावरच्या लाल खुणेपासून पट्टी खाली सोडायची, वर काढली की खडू भिजलेला कुठवर ते पाहायचं आणि वहीत लिहायचं. मग एक लिटरच्या बाटलीत पाणी भरायचं, विहिरीचा नंबर लिहायचा आणि बाटल्या वणीला पोचवायच्या. वणीहून गाडी नागपूरला न्यायची.

तांड्याची विहीर सहा नंबर. आपला तो बाब्या, हे आलंच. कागद आले की देवसिंग आधी सहा नंबर शोधायचा आणि सात वर्षं सहा नंबरनं त्याला मान खाली घालू दिली नाही. बाकीच्या आठ विहिरी एकेक करून नापास होत गेल्या, कुठं क्षार वाढले, कुठं फ्लोराइड. सहा नंबरच्या पुढे मात्र दरवेळी तोच शब्द, पिण्यायोग्य. देवसिंग तो कागद देवळाच्या पायरीवर बसून मोठ्यानं वाचायचा. लोक माना डोलवायचे. हिरासिंगचा हात लागला होता ना, म्हणायचे.

पातळीचं मात्र वेगळं होतं. ती त्याची वही सांगायची आणि वही कोणाची भीड ठेवत नाही. पहिल्या वर्षी कठड्यापासून चार मीटरवर पाणी होतं. खाणीचे पंप रात्रंदिवस चालत आणि नाल्यात पाणी सोडत. सातव्या वर्षी मे महिन्यात आकडा आला सतरा पूर्णांक सहा. बापाच्या मापानं आठ माणसं. मधल्या काळात विहीर दोनदा खोल केली, मग तळातून बोअर मारला, तेव्हा कुठं बादली भरू लागली. देवसिंगला हे आवडत नव्हतं. जे पाणी आपण होऊन वर येत नाही, ते उपसून काढू नये, असं त्याला आतून वाटायचं. पण कागद म्हणायचा पिण्यायोग्य, मग मनातलं मनात राहायचं.

आणि आणखी काही गोष्टी होत्या, ज्यांना कोणी नाव देत नव्हतं. तुरीची डाळ शिजेना. पाणी भरायच्या पितळी गुंडांना आतून पांढरा थर चढायचा, चिंचेनं घासला तरी जायचा नाही. मथुराबाईची म्हैस हौदाला तोंड लावायची आणि मान फिरवून उभी राहायची. तांड्यातली पन्नाशीची माणसं काठी शोधू लागली. देवसिंगची स्वतःची पाठ अशी धरली की खाली पडलेला खडू उचलायला त्याला गुडघे टेकून बसावं लागे. वणीचा डॉक्टर म्हणाला, वय झालं. अठ्ठावन्नाव्या वर्षी वय होतं का, हे देवसिंगनं विचारलं नाही. त्याची सात वर्षांची नात अर्पिता, तिचे दुधाचे दात पडून नवे आले ते पिवळट, तपकिरी रेघा ओढलेले. दात घासत नाही म्हणून तिच्या आईनं, देवसिंगची सून वर्षा हिनं, तिला दोनदा मारलं. पोरगी तोंडावर हात धरून हसायला शिकली. वर्षाला आता पुन्हा पाचवा महिना होता.

तीन वर्षांपूर्वी एकदा हा विषय निघाला होता. ज्या गावांच्या विहिरी नापास झाल्या, त्या गावांना कंपनीनं लांबून नळ आणून दिला. मथुराबाई ही तांड्यातली तोंडाची फटकळ बाई, पण खोटं न बोलणारी. ती चार बायका घेऊन देवळापुढे उभी राहिली. आपल्यालाही नळ पाहिजे, म्हणाली, आपलं पाणी बिघडून राह्यलं. तेव्हा देवसिंगनंच घरातून कागद आणून दाखवला. "हे पाह्य बाई, शिक्क्याचा कागद हाय. आपलं पानी नऊ गावात नंबर एक." मथुराबाई वाचू शकत नव्हती. ती गप्प बसली. तांडा सहा नंबरचं पाणी पीत राहिला.

यंदाच्या मे महिन्याचा कागद जूनच्या शेवटी आला आणि देवसिंगला वाटलं की बाटल्यांची अदलाबदल झाली. सहा नंबर नापास. नुसती नापास नाही, नऊ विहिरींत सगळ्यांत वाईट. फ्लोराइड गेल्या वेळी शून्य पूर्णांक चार, आता तीन पूर्णांक आठ. खाली कोणीतरी पेनानं लिहिलं होतं: नमुना संशयास्पद, फेरतपासणी करावी.

त्याचा संताप संताप झाला. चार महिन्यांत पाणी इतकं कसं बदलेल? नागपूरवाल्यांनीच घोळ केला, असं त्यानं दोन दिवस सगळ्यांना सांगितलं.

फेरतपासणीला जुलैत प्रयोगशाळेची मुलगी आली. उर्वशी तिचं नाव, आर्णीकडची, बाप कापूस-सोयाबीनवाला. जीपमधून उतरली ती पायातली चप्पल काढून विहिरीच्या कठड्याला हात लावून उभी राहिली, त्यामुळे देवसिंगचा राग निम्मा उतरला. तिच्याकडे एक छोटी पेटी होती. पाण्यात औषधाचे थेंब टाकायचे. गुलाबी रंग राहिला तर पाणी चांगलं, पिवळा पडला तर वाईट. तिनं स्वतः पट्टी सोडून पातळी मोजली, स्वतः बादली ओढली, स्वतः नळीत पाणी घेतलं, थेंब टाकले. देवसिंग वाकता येत नव्हतं तरी वाकला.

पाणी पिवळं झालं.

उर्वशीनं दुसरी नळी घेतली. तीही पिवळी झाली. मग तिनं वर पाहिलं आणि पाण्याबद्दल न विचारता भलतंच विचारलं. "काका, तुमची पाठ कधीपासून अशी आहे?"

"झाले पाच वर्षं. काहून?"

उर्वशीनं जीपमधून एक रिकामी बाटली काढली. "नमुना कसा भरता ते मला दाखवा," म्हणाली. "नेहमी भरता तसाच."

देवसिंग जरा ओशाळला. "बाकी आठ ठिकाणी मोटारीचा पाइप असते, म्याच भरतो. इथं बादली ओढा लागते. ते बायाहीचं काम, म्हनून इथली बाटली घरची भरून ठेवते. पयलेपासून तिच भरते, आता तं माह्यी पाठबी वाकत नाई. हंसा, अवं हंसा! बाई आल्या, बाटली भरून दाखव."

हंसाबाई बाहेर आली. पाहुणी आलेली पाहून तिनं डोक्यावरचा पदर नीट केला, उर्वशीच्या हातून बाटली घेतली, घरात जाऊन धुतलेलं पांढरं फडकं आणलं, आणि विहिरीला वळसा घालून सरळ नाल्याच्या वाटेला लागली.

"अवं, कुठं चालली?" देवसिंग ओरडला.

हंसाबाई थांबली. तिला प्रश्नच कळला नाही. "कुठं म्हंजे? झिऱ्यावर."

नाल्यापलीकडे टेकडीच्या पायथ्याशी वाळूत एक झिरा होता. दिवसाकाठी दोन गुंड भरतील एवढंच पाणी पाझरायचं, पण गोड. सव्वीस घरांना ते पुरणं शक्यच नव्हतं. देवदिवाळीला, कोणाच्या घरी सोयरे आले तर, एवढ्यापुरतं कोणीतरी आणायचं.

"झिऱ्याचं कायले?" देवसिंगचा आवाज खाली आला होता.

"मंग? नागपूरचे साहेब लोक पानी मांगून राह्यले, त्याहीले हे देऊ का, भांड्याले थर धरते ते? पाहुन्याले कोनी असं पानी देते का? पोरगी पाह्याले आले तं तिले आंघोळ घालून, नवं लुगडं नेसवूनच समोर आनतो ना आपन. तांड्याची इज्जत हाय का नाई? सात वर्षं म्या दोनदा गाळून, कपड्यानं झाकून भरली बाटली, एक दिवस चुकली नाई." मग तिचा चेहरा पडला. "यंदा मे महिन्यात झिरा आटला जी. पयल्यांदाच आटला. म्हनून इथलंच भरलं. तीनदा गाळलं, तुमची आन. नापास झालं तं माह्यी चूक झाली."

हंसाबाईनं परत येऊन बाटली कठड्यावर ठेवली. खाणीत दोनचा सुरुंग उडाला, कठड्यावरची बाटली थरथरली आणि हंसाबाईनं सवयीनं ती धरली.

आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार, असं म्हणतात. इथं उलटं झालं होतं. पोहऱ्यात सात वर्षं जे येत होतं, ते आडात नव्हतंच. देवसिंगला लाज वाटली, बायकोची नव्हे, स्वतःची. तिला कोणी सांगितलंच नव्हतं की पाणी कशासाठी नेतात. तपासायला, असं सांगितलं होतं, आणि तपासायला येणाऱ्यापुढे चांगलं तेच ठेवायचं हे ती आईकडून शिकून आली होती. सांगायचं काम त्याचं होतं. आधी बादली ओढणं बायकांचं काम म्हणून तो सावलीत बसला, मग याच पाण्यानं पाठ धरली म्हणून बसला, आणि सावलीत बसला म्हणून बाटलीत काय चाललंय ते त्यानं कधी पाहिलं नाही.

उर्वशी कठड्यावर बसली. तिनं हळू आवाजात, पण काही न लपवता सांगितलं. फ्लोराइड एकाच्या वर असू नये, दीडच्या वर तर मुळीच नाही. इथं पावणेचार आहे. पाणी खोल गेलं, बोअर खाली गेला, खालच्या खडकातलं हे वर येतंय. यानं लहान पोरांच्या दातांवर रेघा येतात, मोठ्यांची हाडं धरतात. दात घासून जात नाही ते.

उंबऱ्यात उभ्या असलेल्या वर्षानं ते ऐकलं. तिनं अर्पिताला जवळ ओढलं आणि तिच्या तोंडावरून हात फिरवला, मग तोच हात आपल्या पोटावर ठेवला.

जाताना उर्वशी देवसिंगला जीपपर्यंत घेऊन गेली. "काका, पुढच्या आठवड्यात सुनावणी आहे. खाण वाढवायची आहे त्यांना. मी फक्त आजचा आकडा लिहिते. मावशी काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही. कागदावर सात वर्षं चांगलं आणि यंदा एकदम खराब असं दिसलं, तर कंपनीला उत्तर द्यावं लागेल. तुमचा नळ येईल."

"म्हंजे म्या चूप राह्यचं."

"मी काही म्हटलं नाही," उर्वशी म्हणाली आणि जीपमध्ये बसली.

आठवडाभर देवसिंग नीट जेवला नाही. हंसाबाई रोज म्हणायची, "चूप राहा ना बापा. नळ तं येईन." तिचं खरं होतं. पण गप्प राहिलं तर तांडा काय समजेल? की पाणी मे महिन्यात बिघडलं, त्याआधी अमृत होतं. मग लोक आपल्या हाडांचा दोष वयाला देतील, आया पोरांना दातांसाठी मारतील, आणि जुन्या कागदांवरचा 'पिण्यायोग्य' तसाच खरा राहील. लोकांनी कंपनीवर विश्वास ठेवून ते पाणी प्यायलं नव्हतं, देवसिंगवर ठेवून प्यायलं होतं. ते त्याला गिळवेना.

सुनावणी ग्रामपंचायतीच्या सभागृहात झाली. टेबलामागे कंपनीचा साहेब, बाहेरून आलेला एक अधिकारी, लिहून घेणारा एक बाबू. देवसिंग उठला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, हे त्याला कळत होतं, तरी तो बोलला. सात वर्षं सहा नंबरच्या बाटलीत झिऱ्याचं पाणी होतं. बायकोची चूक नाही, माझी आहे. विहिरीचं पाणी कधीपासून बिघडलं ते कोणालाच माहीत नाही, पण माझ्या नातीचे दात सांगतात की फार आधीपासून. माझ्या वहीतली पातळी मात्र खरी आहे, चार मीटरपासून सतरापर्यंत, एकेक आकडा मी स्वतः मोजलाय. पाणी खाणीनं खाली ओढलं, म्हणून हे झालं.

मागे बसलेली मथुराबाई उभी राहिली. ओरडली नाही. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. "भाऊ," ती म्हणाली, "तीन वर्षाआधी तुमी कागद दाखवला, म्हनून म्या चूप बसली." एवढं बोलून ती खाली बसली.

कंपनीच्या साहेबानं मात्र देवसिंगचे आभार मानले. मनापासून मानले, हेच भयंकर होतं. मग त्यानं अधिकाऱ्याकडे वळून शांतपणे मांडलं. सहा नंबरचे सात वर्षांचे नमुने या विहिरीचे नव्हतेच, हे मोजणाऱ्यानं स्वतः कबूल केलं. म्हणजे आधीचं पाणी कसं होतं, याचा पुरावा नाही. कदाचित मुळातच असं असेल, या भागातल्या खडकात फ्लोराइड असतंच. आणि ज्याचा नमुना खरा नाही, त्याची पातळी तरी खरी कशावरून धरायची?

"म्या हातानं मोजली जी," देवसिंग म्हणाला.

"बाटलीसुद्धा तुमच्याच सहीनं येत होती," साहेब म्हणाला.

बाबूनं देवसिंगची वही मागून घेतली आणि सहा नंबरच्या पानांवर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकी रेघ ओढली, एका पानावर, दुसऱ्या पानावर, अठ्ठावीस नोंदी संपेपर्यंत. मग नवं पान उघडून सगळ्यांत वर उर्वशीनं आणलेले आकडे लिहिले. पातळी सतरा. फ्लोराइड तीन पूर्णांक आठ. आणि त्यापुढच्या रकान्यात लिहिलं: मूळ स्थिती.

"म्हंजे काय?" देवसिंगनं विचारलं.

अधिकाऱ्यानं समजावलं. खाणीमुळे पाणी बिघडलं की नाही, ते आता इथून पुढे ठरेल. यापेक्षा वाईट झालं, तर बिघडलं म्हणायचं. वर्षभर चार नमुने घेऊ, मग नळाचा विचार करू. उर्वशी कोपऱ्यात उभी होती, तिनं जमिनीकडे पाहिलं. खाण वाढवायला सहा नंबरची हरकत नाही, अशी नोंद झाली.

संध्याकाळी देवसिंग विहिरीवर येऊन बसला. तांड्यातले लोक जवळून जात होते, पण कोणी त्याच्याशी बोललं नाही. हंसाबाईनं दुरूनच विचारलं, "काय लिवलं त्याहीनं?"

"आपलं पानी असंच होतं म्हने," तो म्हणाला. "पयलेपासून."

चूल पेटवायच्या वेळेला वर्षा रिकामा गुंड घेऊन आली. पावसानं पुन्हा पाझरू लागलेल्या झिऱ्यावरून एक गुंड सकाळीच आला होता, तो घरात दुपारपर्यंत संपला होता, आणि दुसरा मथुराबाईच्या घरी गेला होता. वर्षानं बादलीची दोरी हातात घेतली, पण बादली सोडली नाही. तांड्यात सून सासऱ्याशी तोंड उघडून बोलत नाही. नऊ वर्षांत वर्षा देवसिंगशी बोलली नव्हती, काही सांगायचं असलं तर अर्पिताकरवी सांगायची. आज तिनं पदर कपाळावर ओढून घेतला आणि विहिरीकडे पाहत विचारलं,

"मामाजी, भरू का नको?"

सात वर्षं साऱ्या तांड्याला या प्रश्नाचं उत्तर देणारा माणूस समोर बसला होता. भर म्हणावं तर तिच्या पोटाकडे नजर जात होती. नको म्हणावं तर घरात प्यायला थेंब नव्हता. देवसिंगनं तोंड उघडलं आणि मिटलं.

अंधार पडायला लागला, आणि वर्षानं बादली विहिरीत सोडली.